डेव्ह लोम्बार्डोचे पाय

डॉनिंग्टन हे इंग्लंडमधलं मोटारशर्यतींचं मैदान, पण मेटल संगीत ऐकणारे ते ओळखतात महोत्सवांमुळे. ६ जून २००४ रोजी तिथल्या डाउनलोड महोत्सवात मेटॅलिकाचा कार्यक्रम होता आणि त्यांचा ड्रमर लार्स उलरिख ऐन वेळी आजारी पडून रुग्णालयात होता. मैदान माणसांनी भरलेलं. एरवी अशा वेळी कार्यक्रम रद्द होतो आणि लोक चरफडत घरी जातात. त्या दिवशी महोत्सवाला आलेल्या इतर बँडच्या ड्रमरांकडे शब्द टाकला गेला. मेटॅलिका उशिरा का होईना मंचावर आली, तेव्हा ड्रमसेटमागे स्लेअर या बँडचा डेव्ह लोम्बार्डो बसला होता. त्यानं सुरुवातीची दोन गाणी वाजवली, ‘बॅटरी’ आणि ‘द फोर हॉर्समेन’. पुढची बहुतेक गाणी स्लिपनॉटच्या जोई जॉर्डिसननं सांभाळली, तर एक उलरिखच्या ड्रमची देखभाल करणाऱ्या फ्लेमिंग लार्सननं वाजवलं.

‘बॅटरी’ हे गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना या गोष्टीचं वजन लगेच कळेल. ते शांत गिटारनं सुरू होतं आणि मग एका क्षणी सगळा बँड एकदम सुटतो. तिथं ड्रमर पाव मात्रा जरी मागे राहिला तरी बाकीचे तिघे अधांतरी लटकतात. दुसऱ्याचं गाणं, दुसऱ्याचा बँड, धड तालीम नाही आणि समोर हजारो माणसं. अशा वेळी सर्वांत अवघड जागा, म्हणजे कार्यक्रमाची सुरुवात, लोम्बार्डोकडे आली. थ्रॅश मेटलच्या दुनियेत या माणसाच्या शब्दाला, म्हणजे त्याच्या ठोक्याला, काय किंमत आहे ते या एका निवडीवरून समजतं.

या प्रकरणात मला त्या ठोक्याबद्दल लिहायचं आहे. त्यातही ध्वनिमुद्रणापेक्षा मंचावरच्या ठोक्याबद्दल. लोम्बार्डोचं नाव निघालं की लोक वेगाविषयी बोलतात. वेग आहेच. पण आज त्याच्याहून वेगानं वाजवणारे ड्रमर शेकड्यांनी सापडतील, आणि तरीही त्याचं वाजवणं ऐकताना अंगावर जो काटा येतो तो त्यांच्या वाजवण्यानं येत नाही. माझ्या मते याचं कारण असं, की लोम्बार्डोच्या हातात वेग जिवंत राहतो. त्याची लय श्वास घेते, पुढे झेपावते, किंचित थांबते, आणि हे सगळं बँडला बरोबर घेऊन होतं. ते कसं होतं, ते जरा सविस्तर पाहू.

आधी थ्रॅश म्हणजे काय ते सांगायला हवं. साध्या रॉक गाण्याचा ठेका चार मात्रांचा असतो. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पायातला बास ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हातातला स्नेअर, आणि वर हाय-हॅटच्या झांजांची सारखी टिकटिक. तबला शिकलेल्या माणसाला थ्रॅशचा मूळ ठेका एका वाक्यात सांगता येतो: हाच ठेका दुगुनीत वाजवा. चार मात्रांच्या जागेत दोन आवर्तनं. आता स्नेअर दर अर्ध्या मात्रेच्या उलट बाजूला पडतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला सतत पुढे ढकललं जातंय असं वाटतं. हा ठेका हार्डकोर पंकमधून आला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या तरुण पोरांनी त्याला ब्रिटिश हेवी मेटलच्या गुंतागुंतीच्या गिटारवादनाची जोड दिली आणि थ्रॅश जन्माला आला. मेटॅलिका, स्लेअर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स ही त्यातली चार मोठी नावं. त्यांतल्या पहिल्या तिघांचं मूळ कॅलिफोर्नियात आहे, अँथ्रॅक्स न्यू यॉर्कचा.

स्लेअरमध्ये पंकची ओढ सर्वांत जास्त होती ती गिटारवादक जेफ हॅनेमनला. त्यानं ती इतरांना लावली आणि लोम्बार्डोनं ती पायापर्यंत नेली.

लोम्बार्डोचा जन्म १६ फेब्रुवारी १९६५चा, क्यूबामधल्या हवानाचा. तो अगदी लहान असताना कुटुंब अमेरिकेत आलं आणि लॉस एंजेलिसजवळच्या साउथ गेट या गावात स्थिरावलं. क्यूबन घर म्हणजे घरात तालवाद्यांचं संगीत आलंच. त्याच्या हातात पहिल्यांदा आलं ते बोंगो. शाळेत असतानाच तो संतानाच्या गाण्याबरोबर बोंगो वाजवून दाखवत असे. मग किस या बँडची ‘अलाइव्ह!’ ही लाइव्ह तबकडी हाती आली आणि तिच्यातला पीटर क्रिसचा ड्रम सोलो त्यानं घोकून बसवला. म्हणजे ज्या तबकडीनं त्याला ड्रमकडे ओढलं तीही मंचावरच्या वादनाचीच होती, हे मला फार सूचक वाटतं. १९८१ मध्ये तो पिझ्झा पोहोचवण्याचं काम करत होता. जवळच राहणाऱ्या केरी किंग या गिटारवादकाची गाठ पडली आणि त्यातून स्लेअर उभा राहिला. बास गिटार वाजवणारा आणि गाणारा टॉम अराया चिलीत जन्मलेला. तो तेव्हा रुग्णालयात श्वसनोपचाराचं काम करायचा, आणि त्याच्या पगारातून १९८३च्या ‘शो नो मर्सी’ या पहिल्या अल्बमच्या खर्चाला हातभार लागला. लोम्बार्डोच्या वेगावर शब्द बसवताना अरायाला पुढे श्वास कसे शोधावे लागले असतील, याचा विचार मी त्यांचं प्रत्येक लाइव्ह मुद्रण ऐकताना करतो.

आता पायांकडे येऊ.

ड्रमसेटवर दोन बास ड्रम ठेवण्याची कल्पना मेटलची नाही. जाझमधल्या लुई बेलसननं ती १९४०च्या आसपास रुजवली. पुढे क्रीमचा जिंजर बेकर, द हूचा कीथ मून यांनी ती रॉकमध्ये आणली. मोटरहेडच्या फिल टेलरनं १९७९च्या ‘ओव्हरकिल’ या गाण्यात दोन्ही पायांनी सलग ठोके धावते ठेवले आणि पुढच्या सगळ्या पिढीला वाट दाखवून दिली. १९८०च्या दशकात दुहेरी पेडल बाजारात आलं. त्यात बास ड्रम एकच असतो, डाव्या पायाचं पेडल एका दांड्यानं उजव्या पेडलाला जोडलेलं असतं आणि दोन बीटर, म्हणजे पेडलचे हातोडे, एकाच कातड्यावर पडतात. जागा वाचते, सामान कमी होतं, बहुतेकांनी तेच घेतलं. स्लेअरच्या मंचावर मात्र लोम्बार्डोपुढे दोन बास ड्रम असायचे. त्याचा फायदा ऐकू येतो. एकाच कातड्यावर दोन बीटर पडतात तेव्हा पहिल्या ठोक्यानं हललेलं कातडं शांत होण्याआधीच दुसरा ठोका येतो आणि तो जरा दबतो. दोन वेगळे ड्रम असले की प्रत्येक कातड्याला सावरायला दुप्पट वेळ मिळतो, प्रत्येक ठोका पूर्ण उमटतो. शिवाय दांड्याचं ओझं नसल्यानं डावा पाय उजव्याइतकाच मोकळा राहतो.

हिशेब साधा आहे. मिनिटाला २०० मात्रांची लय धरा, थ्रॅशमध्ये ती काही फार मोठी नाही. एका मात्रेत चार ठोके म्हणजे मिनिटाला ८००, सेकंदाला तेरा-चौदा. प्रत्येक पायाच्या वाट्याला सेकंदाला सहा-सात. माणसाचा एक पाय साधारण त्याच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाइतका असतो. ७५ किलोच्या माणसाचा १२ किलोंच्या आसपास. एवढं वजन मांडीतून उचलून सेकंदाला सात वेळा आपटणं कुणालाही शक्य नाही. म्हणून विशिष्ट वेगानंतर ड्रमर मांडी सोडतो आणि घोट्याकडे येतो. टाच वर, चवडा पेडलवर, आणि हालचाल फक्त घोट्यातून. अडचण अशी, की दोन्ही टाचा वर असल्या की जमिनीचा आधार संपतो. शरीराचा सगळा तोल कंबर आणि पाठ यांवर येतो, आणि त्याच वेळी दोन्ही हात वेगळ्या कामात असतात. नवखा ड्रमर इथं आक्रसतो. खांदे वर चढतात, मनगटं ताठ होतात आणि मिनिटाभरात स्नेअरचा आवाज पडतो.

लोम्बार्डोचं लाइव्ह चित्रीकरण आवाज बंद करून पाहावं. खांदे सैल असतात, मान गाण्याबरोबर हलते, हात उंचावरून खाली येतात. पायांत तेरा-चौदा ठोके धावत असताना कमरेच्या वर जणू संथ गाणं चालू आहे. ताकद आणि सैलपणा एकाच शरीरात एकाच वेळी नांदणं हे त्याच्या कलेचं मर्म आहे, आणि ते ध्वनिमुद्रणात ऐकू आलं तरी कळतं पाहिल्यावरच.

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी एक उदाहरण देतो. ढोल-ताशा पथकात ताशा लय धरतो, बारीक काम करतो, आणि ढोल त्याला भरीव उत्तर देतात. ताशाची लगबग आणि ढोलाचं वजन यांची वाटणी वेगवेगळ्या माणसांत झालेली असते. लोम्बार्डोच्या शरीरात ही दोन्ही कामं एकत्र आहेत, आणि ‘एंजल ऑफ डेथ’सारख्या गाण्यात ढोलानं ताशाच्या वेगानं धावायचं असतं.

‘एंजल ऑफ डेथ’ हे ७ ऑक्टोबर १९८६ रोजी आलेल्या ‘रेन इन ब्लड’ या अल्बममधलं पहिलं गाणं. निर्माता रिक रुबिन, ध्वनिमुद्रण अभियंता अँडी वॉलेस. दहा गाणी, एकूण अर्ध्या तासाहून कमी. कॅसेटच्या एका बाजूत पूर्ण अल्बम मावत असल्यानं तो दोन्ही बाजूंना भरला गेला. रुबिन हिप-हॉपमधून आलेला होता. त्यानं त्या काळच्या मेटलवर चढवलेला घुमारा काढून टाकला आणि प्रत्येक ठोका कोरडा, जवळून ऐकू येईल असा ठेवला. ड्रमरसाठी हे वरदानही आहे आणि परीक्षाही. घुमाऱ्यात चुका लपतात, कोरड्या आवाजात काहीच लपत नाही. लोम्बार्डो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. या गाण्याचा विषय नाझी डॉक्टर योझेफ मेंगेलेचे अत्याचार हा असल्यानं मोठा वाद झाला. कोलंबियानं वितरणाला नकार दिला, पुढे गेफननं ते केलं. बँडवर नाझींबद्दल सहानुभूतीचा आरोप झाला आणि बँडनं तो फेटाळला. त्या शब्दांचा त्रास होणारे श्रोते आजही आहेत आणि त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. इथं मी फक्त ड्रमपुरतं बोलतो.

गाण्याच्या शेवटाकडे एक जागा आहे. सगळी वाद्यं अचानक थांबतात आणि केवळ दोन बास ड्रम धावत राहतात. काही क्षणच, पण मेटलच्या ड्रमवादनात या जागेइतकी चर्चा क्वचितच दुसऱ्या कुठल्या जागेची झाली असेल. अल्बमवर ती थक्क करते. मंचावर ती वेगळीच होते. ध्वनिमुद्रणात चुकलं तर पुन्हा वाजवता येतं, इथं ती संधी नाही. प्रेक्षकांना ती जागा पाठ असते, ते तिची वाट बघत असतात. त्या एकांतात ड्रमर पूर्ण उघडा पडतो. गिटारचा आडोसा नाही, गाण्याचा नाही. आणि त्याच्या आधी त्यानं चार मिनिटं वाजवलेलं असतं, पाय ताजे नसतात. लोम्बार्डोच्या वेगवेगळ्या वर्षांच्या लाइव्ह मुद्रणांत मी ही जागा पुन्हा पुन्हा ऐकली आहे. प्रत्येक ठिकाणी ती थोडी वेगळी येते. कधी पाय किंचित पुढे धावतात, कधी तो ती घट्ट धरून ठेवतो, आणि बँड परत येतो त्या क्षणी सगळे नेमके समेवर येतात. ही सम कुणी मोजून दिलेली नसते. तिघे जण त्याच्या पायांकडे कान लावून उभे असतात.

मंचावर कान लावणं सोपं नसतं, हेही सांगायला हवं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटरवर उभ्या असलेल्या श्रोत्याला ड्रमचा मूळ आवाज दहावा हिस्सा सेकंद उशिरा पोहोचतो. मिनिटाला ८०० ठोक्यांच्या वादनात दोन ठोक्यांमधलं अंतर याहून कमी असतं. सभागृहाच्या मागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज ड्रमरच्या कानावर पडतो तेव्हा तो कित्येक ठोके पुढे गेलेला असतो. त्या प्रतिध्वनीवर विसंबला तर ताल बुडालाच. म्हणून ड्रमरजवळ स्पीकर किंवा कानातली यंत्रं असतात आणि बाकीचे त्याच्या आसपास उभे राहतात.

त्यात बास ड्रमची आणखी एक अडचण. खर्जातला आवाज मोठ्या जागेत रेंगाळतो. ठोके झपाट्यानं आले तर त्यांचा एकच गडगडाट होतो. म्हणून मेटलमध्ये बास ड्रमच्या आवाजातला सुरुवातीचा ‘टक’ उठून दिसावा अशी योजना करतात. बीटर लाकडी किंवा प्लास्टिकचा घेतात, कातड्यावर तो पडतो तिथं कडक तुकडा चिकटवतात, ध्वनियंत्रणेत वरच्या पट्टीचे स्वर उचलतात. पुढे ट्रिगर आले. कातड्यावर लावलेला संवेदक ठोका ओळखतो आणि आधीच तयार करून ठेवलेला आवाज सोडतो. पाय हलका पडला काय, जोरात पडला काय, बाहेर एकसारखाच आवाज. यानं स्वच्छता मिळते. अतिवेगवान डेथ मेटलला त्याची गरजही आहे. पण ठोक्याठोक्यातला फरक पुसला जातो, आणि लोम्बार्डोच्या वादनाचा जीव त्या फरकातच आहे. त्याच्या पायांत जोर कमी-जास्त होतो, गाण्याच्या वळणावर ठोके जड होतात, रोल संपताना किंचित उसळतात. मला हे जास्त आवडतं, आणि ही फक्त आवड आहे असंही मला वाटत नाही. जिथं ठोका वाजवणाऱ्याचा हेतू सांगतो तिथं संगीत जास्त असतं.

हेतू म्हटलं की त्याच्या रोलबद्दल बोलायलाच हवं. गाण्याचा एक भाग संपून दुसरा सुरू होताना ड्रमर टॉम नावाच्या ड्रमांवरून हात फिरवतो. बहुतेक थ्रॅश ड्रमर हा रोल नेमक्या जागेत बसवतात आणि मोकळे होतात. लोम्बार्डो तो शेवटच्या क्षणापर्यंत ताणतो. आता हा समेला पोहोचणार नाही असं वाटतं, आणि तो पोहोचतो, क्रॅश झांजेवर आदळतो, पुढचा ठेका सुरूही झालेला असतो. तिहाई येताना मैफलीत श्रोते जसे पुढे सरसावतात तसं इथं प्रेक्षकांचं होतं. हा धोका पत्करण्याची सवय त्याला तालवाद्यांच्या क्यूबन वारशातून आली असावी, असा माझा तर्क आहे.

स्लेअरच्या मंचावरच्या लयीचा एक गुण प्रत्येक लाइव्ह मुद्रणात दिसतो. गाणी अल्बमपेक्षा बहुधा वेगानं जातात, आणि गाण्याच्या आतही लय हलते. मेट्रोनोम लावून मोजणाऱ्याला हा दोष वाटेल. पण ती लय कुठं हलते ते नीट ऐका. संथ, जड भागात तो जरा मागे बसतो, त्यामुळे रिफला, म्हणजे गिटारच्या फिरून येणाऱ्या तुकड्याला, वजन येतं. वेगवान भाग जवळ आला की काही मात्रा आधीपासून तो पुढे सरकू लागतो. अराया, किंग आणि हॅनेमन त्याच्यामागे जातात. हे घसरणं असतं तर प्रत्येक वेळी वेगळ्या जागी झालं असतं. ते गाण्याच्या रचनेला धरून होतं. अभिजात मैफलीत ख्याल हळूहळू चढतो तेव्हा लय वाढली म्हणून कुणी तबलजीला दोष देत नाही.

याचा चांगला पुरावा म्हणजे १९९१चा ‘डिकेड ऑफ अॅग्रेशन’ हा लाइव्ह अल्बम. लंडनची वेम्ब्ली अरीना, फ्लोरिडातलं लेकलँड आणि कॅलिफोर्नियातलं सॅन बर्नार्डिनो अशा तीन ठिकाणच्या कार्यक्रमांतून तो तयार झाला. थ्रॅशच्या लाइव्ह अल्बमांत मी त्याला पहिलं स्थान देतो. स्टुडिओत नंतर फारशी डागडुजी न केलेला, खरखरीत, रुबिनच्याच कोरड्या पद्धतीनं मांडलेला. ‘साउथ ऑफ हेवन’सारख्या संथ गाण्यात लोम्बार्डो किती कमी वाजवतो ते तिथं ऐकायला हवं. ज्याला एवढं वाजवता येतं तो माणूस न वाजवण्याची निवड करतो तेव्हा राखलेल्या प्रत्येक ठोक्याला अर्थ येतो.

दुसरा पुरावा १३ वर्षांनंतरचा. मधल्या काळात पहिल्या अपत्याच्या जन्माच्या सुमारास, १९९२ मध्ये, तो स्लेअरमधून बाहेर पडला होता. त्याच्या जागी आलेल्या पॉल बोस्टाफनं अनेक वर्षं बँड समर्थपणे सांभाळला. बोस्टाफचं वादन काटेकोर आणि स्वच्छ आहे. त्याला केवळ ‘बदली’ म्हणून हिणवणं हा अन्याय आहे, आणि अनेक चाहते तो करतात. लोम्बार्डो परत आला आणि ११ जुलै २००४ रोजी अमेरिकेतल्या मेन राज्यात ऑगस्टा इथं स्लेअरनं ‘रेन इन ब्लड’ पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग वाजवला. डॉनिंग्टननंतर जेमतेम महिनाभरानं. ‘स्टिल रेनिंग’ या नावानं त्याचं चित्रीकरण निघालं. शेवटच्या ‘रेनिंग ब्लड’ गाण्यात छतावरून बँडवर लाल पाऊस पडतो, आणि लोकांना तेच दृश्य आठवतं. मला त्या गाण्याची सुरुवात जास्त मोलाची वाटते. टॉमवर तीन जड ठोके, मध्ये मोकळी जागा, पुन्हा तीन. वेगाचा मागमूस नाही. त्या तीन ठोक्यांवर सगळं सभागृह ओरडतं. एकविसाव्या वर्षी मुद्रित केलेले ते ठोके तो एकोणचाळिसाव्या वर्षी वाजवत होता, आणि त्यांच्यामधली शांतता आता जास्त लांब, जास्त भरलेली वाटते. मोजली तर कदाचित तितकीच निघेल.

दोन्ही कालखंडांच्या मध्ये त्यानं जे केलं त्याचा या बदलाशी संबंध आहे. मेटलचे बरेच ड्रमर बँड सुटला की तसाच दुसरा बँड शोधतात. लोम्बार्डोनं ग्रिप इंक. काढला, १९९९ मध्ये टेस्टामेंटच्या ‘द गॅदरिंग’ अल्बमवर वाजवलं, आणि त्याच काळात गायक माइक पॅटनबरोबर फँटोमासमध्ये गेला. तिथली गाणी कधी अर्ध्या मिनिटाची, कधी चित्रपटसंगीताची मोडतोड, ठेका दर काही मात्रांना बदलणारा. सॅक्सोफोनवादक जॉन झोर्नबरोबर त्यानं पूर्ण उत्स्फूर्त मैफली केल्या, जिथं आधी ठरलेलं गाणंच नसतं. इटलीत विवाल्डीच्या रचनांवरही काम केलं. यांतलं सगळंच मला सारखं आवडलेलं नाही. पण सतत दुसऱ्याचं ऐकत वाजवायची ही शाळा त्याच्या ठोक्यात उतरली.

२२ जून २०१० रोजी बल्गेरियातल्या सोफियामध्ये थ्रॅशचे चारही मोठे बँड एका मंचावर आले. शेवटी सगळ्यांनी मिळून डायमंड हेडचं ‘अॅम आय ईव्हिल?’ वाजवलं. स्लेअरमधून त्यात सामील झाला तो एकटा लोम्बार्डो. वादक म्हणून त्याचा स्वभाव यात दिसतो. वाजवायची संधी आली की हा माणूस मागे राहत नाही.

२०१३च्या सुरुवातीला मानधन आणि हिशेब यांवरून वाद होऊन तो स्लेअरमधून कायमचा बाहेर पडला. त्यानं आपली बाजू जाहीर मांडली, बँडनं ती मान्य केली नाही. त्याच वर्षी मे महिन्यात हॅनेमनचं निधन झालं, आणि ज्या चौघांनी ‘रेन इन ब्लड’ घडवला ते पुन्हा एकत्र येण्याची शक्यता संपली. त्यानंतर लोम्बार्डोनं सुइसायडल टेंडन्सीज, मिसफिट्सचा पुनर्मीलन दौरा, डेड क्रॉस, मिस्टर बंगल अशा ठिकाणी वाजवलं, २०२२ मध्ये काही काळ टेस्टामेंटमध्येही परतला. २०२३ मध्ये ‘राइट्स ऑफ पर्कशन’ हा एकल अल्बम आला. त्यात गाणारं कुणी नाही, आहेत ती तालवाद्यं. बोंगोपासून सुरू झालेल्या हातांनी एवढ्या वर्षांनी क्यूबन तालांना पहिल्यांदाच एवढी मोठी जागा दिली.

२०२५ मध्ये लोम्बार्डोनं साठी पूर्ण केली. थ्रॅशचा ड्रमर या वयात मंचावर उभा असणं ही साधी गोष्ट नाही. ज्या घोट्यांना सेकंदाला सहा-सात वेळा धावायचं असतं त्यांची झीज होते, कंबर बोलू लागते, मनगटाच्या शिरा सुजतात. जे केवळ ताकदीवर वाजवतात ते वय वाढलं की बहुधा लय कमी करतात किंवा थांबतात. सैल शरीरानं वाजवण्याची जी सवय त्याला तरुणपणापासून होती, तीच त्याला इथवर घेऊन आली आहे. तरुण ड्रमरांनी त्याचा वेग गाठायला जाण्याआधी त्याचे खांदे पाहावेत. शिकवणाऱ्यांनीही पहिल्या दिवसापासून हेच दाखवावं, कारण ताठ खांद्यांनी घोकलेला वेग पुढे दुरुस्त करायला वर्षं लागतात.

ज्या वाचकांनी थ्रॅश कधीच ऐकलेलं नाही त्यांनी ‘एंजल ऑफ डेथ’नं सुरुवात करू नये. ‘डिकेड ऑफ अॅग्रेशन’मधलं ‘साउथ ऑफ हेवन’ आधी ऐकावं, आवाज बेताचा ठेवून, कान फक्त ड्रमवर ठेवून. नंतर ‘स्टिल रेनिंग’चं चित्रीकरण पाहावं. पहिल्या वेळी सगळं एकत्र गडगडेल. दुसऱ्या वेळी हात आणि पाय वेगळे ऐकू येतील. तिसऱ्या वेळी बँड त्याच्या मागे कसा जातो ते दिसू लागेल, आणि तोवर तुम्हाला माझी गरज उरणार नाही.